दिवसभर भूक आणि ताटासमोर नकार: आमच्या घरातील अनुभव

आमच्या दोन्ही मुलांच्या खाण्याच्या तक्रारी वरवर पाहता एकमेकींच्या अगदी विरुद्ध होत्या. अकरा वर्षांचा मुलगा शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत स्वयंपाकघरातील डबे उघडत फिरायचा. पाच वर्षांच्या मुलीला मात्र ताट समोर आले की भूक नसायची, आणि ताट उचलून तास होतो न होतो तोच "आई, कायतरी दे की गं खायला" ही भुणभुण सुरू व्हायची. त्यातच यजमानांचे कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतील दुकान बंद होऊन ते घरी येईपर्यंत नऊ वाजून जातात आणि सर्वांनी एकत्र जेवायचे हा घरचा शिरस्ता, त्यामुळे संध्याकाळचे चार तास खारी, बटर, भडंग आणि दूध यांवरच निघत.

सासूबाईंना जंतांचा संशय होता. जंतनाशक दिनाला दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी दोन्ही मुलांनी घेतलेली होती, तरीही खात्री करून घ्यावी म्हणून आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सर्वप्रथम विचारले ते तहान खूप लागते का, लघवीला वारंवार जावे लागते का आणि भरपूर खाऊनही वजन उतरते आहे का, हे. कारण सततच्या भुकेबरोबर ही लक्षणे असतील तर मुलांमधील मधुमेहाची तपासणी तातडीने करावी लागते. आमच्याकडे तसे काही नव्हते. उंची आणि वजन तक्त्यावर मांडल्यावर दोघांचीही वाढ व्यवस्थित निघाली. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होते, परंतु दोन ते पाच या वयात ते वर्षाला दोन किलोंच्या आसपासच वाढते, त्यामुळे या वयात भूक मंदावणे स्वाभाविक आहे, हे डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर माझा निम्मा घोर गेला. मुलाची गोष्ट वेगळी होती. पौगंडावस्था तोंडावर आलेली आणि रोज संध्याकाळी गांधी मैदानावर फुटबॉल, म्हणजे त्याची भूक खरीच होती आणि ती खारीने भागणारी नव्हती.

मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी बोट ठेवले ते दुधावर. ती दिवसातून तीन मोठे पेले म्हशीचे दूध पीत होती आणि पोट त्यातच भरत होते. दुधात लोह नगण्य असते, शिवाय त्यातील कॅल्शियममुळे इतर अन्नातील लोहही नीट शोषले जात नाही, म्हणून दिवसाचे दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवायला त्यांनी सांगितले. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून दिलेले दूध लोक उभ्याने पितात, तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांना हा सल्ला पटवून देणे सोपे नव्हते.

आम्ही पदार्थांना हात लावण्याआधी वेळा बदलल्या. सकाळची न्याहारी, शाळेचा डबा, शाळेतून आल्यावरचे खाणे आणि साडेसातला जेवण एवढेच खाण्याचे प्रसंग ठेवले. मधल्या वेळात फक्त पाणी. यजमानांसाठी थांबायचे सोडून दिले आणि मुलांच्या ताटाबरोबर सासूबाई आपलेही ताट घेऊ लागल्या. एकत्र जेवण आता रविवारी होते. काय आणि केव्हा वाढायचे हे आम्ही ठरवायचे, किती खायचे हे मुलांनी, असा नियम केला. तो पाळणे मुलांपेक्षा मोठ्यांना अवघड गेले. मुलगी दोन घास खाऊन उठली की सासूबाई कासावीस होत: "अगं, पोरगी उपाशी झोपंल की. एक बिस्किट तरी दे तिला." त्या बिस्किटाची खात्री होती म्हणूनच ती ताटावरून उठत होती, हे माझे मत. शेवटी तडजोड अशी झाली की नात खरोखरच भुकेली वाटली, तर झोपण्यापूर्वी आजीने दूध-भाकरीचा काला द्यावा, दुसरे काही नाही. काही दिवसांत काल्याची मागणीही विरळ झाली.

मुलासाठी शाळेतून आल्यावरचे खाणे मी चांगले भरभक्कम केले. मैदानावर जाण्यापूर्वी केळे आणि शेंगदाण्याचा लाडू, किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ आणि चपाती. परत आला की थेट जेवण. डाळी, कडधान्ये आणि भाकरी पोटात जास्त वेळ टिकतात, मैद्याचे पदार्थ टिकत नाहीत. त्याचे डबे उघडणे थांबले ते असे, दटावून नव्हे.

नावडीचा प्रश्न यापेक्षा चिवट निघाला. मुलगी भाकरीचा केवळ पापुद्रा सोलून तुपाबरोबर खायची आणि आमटीतील मोहरी, कढीपत्ता, कोथिंबिरीचे पान एकेक करून ताटाच्या कडेला ओळीने मांडायची. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही हे मी ठरवले होते, पण आमच्या घरची कांदा-लसूण चटणी संकेश्वरी मिरचीची, ती पाच वर्षांच्या मुलीने सोसावी ही अपेक्षाही रास्त नव्हे. तोड घरातच होती. रविवारी मटणाला चटणी पडण्यापूर्वी लहानांसाठी अळणी रस्सा काढून ठेवतातच, तेच मी रोजच्या आमटीला आणि भाजीला लागू केले. पातेले एकच, तिची वाटी चटणीपूर्वी बाजूला.

नवीन चव पचनी पडायला मुलांना दहा-पंधरा वेळाही लागू शकतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्यामुळे नावडती भाजी चमचाभर वाढायची आणि त्यावर चकार शब्द काढायचा नाही, हे ठरले. कौतुकही नाही, कारण शाबासकीचा वास लागला की तिचे तोंड अधिकच घट्ट मिटते. कपिलतीर्थ मंडईत मी तिला शनिवारी बरोबर नेते आणि एक भाजी तिला निवडू देते. तिने दोडके निवडले ते त्याच्या शिरा हाताला खडबडीत लागल्या म्हणून. त्याच शिरांची तीळ घालून परतलेली कोरडी चटणी ती आता मागून खाते, दोडक्याची भाजी मात्र अजून कडेलाच असते. पोकळा आणि मेथी भाकरीच्या पिठात मळून चालून जातात. वांग्याला तिने आजतागायत तोंड लावलेले नाही आणि मीही तो विषय ताणत नाही.

डब्याचे मात्र पूर्ण जमलेले नाही. मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या डब्यातील वेफर्स मिळतात आणि आपली चपाती-भाजी अर्धी परत येते. तो उरलेला डबा मी शाळेतून आल्यावरच्या खाण्यात तसाच समोर ठेवते, उन्हाळ्यात तो टिकत नाही म्हणून तेवढे दिवस भाजीऐवजी तिळाची नाहीतर शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि चपाती देते. मे महिन्यात मुले मामाकडे जातात; तिथे वेळा पाळल्या जाणार नाहीत, हे गृहीत धरून जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधीपासून साडेसातचे जेवण पुन्हा सुरू करायचे, असे आम्ही ठरवले आहे.