मनीची पिल्लं

मनीचं सिझेरियन झालं. तीन पिल्लं, तिन्ही जिवंत! भूल उतरेपर्यंत ती त्यांना ओळखेचना, एकावर फिस्कारलीसुद्धा. फार तुटलं आत, पण सिझेरियननंतर असं होऊ शकतं. तोवर पिल्लं वेगळ्या खोक्यात, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी. पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, भोवती ३० अंशांच्या आसपास ऊब लागते. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मगच दूध. थंड अंगात ते पचत नाही. गाईचं दूध तर नकोच. आईचा चीक मात्र पहिल्याच दिवशी पोटात जायला हवा, रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते.

संध्याकाळी मनीला कुशीवर निजवलं, टाके जपत एकेकाला सडाला लावलं. सगळ्यात बारकंही लुचायला लागलं! आता रोज वजन करायचं आणि टाक्यांवर लक्ष ठेवायचं.