आडवा गडी

सोमवारी आमच्या फौंड्रीला सुट्टी. संध्याकाळी सात वाजले की कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर चटई पडते आणि चौघं जमतो. जवळच्या चिखली गावचे काका, शेजारच्या वहिनी (दवाखान्यात नर्स आहेत, ड्युटी बघून येतात), इंजिनिअरिंगला असलेला त्यांचा भाचा आणि मी. मध्ये कार्कासोन या खेळाची पेटी.

या नावाचं तटबंदीचं गाव फ्रान्सच्या दक्षिणेला खरंच आहे. खेळ मात्र जर्मनीतला, क्लाउस-युर्गेन व्रेडे यांनी केलेला, २००० साली बाजारात आला. पुढच्याच वर्षी त्याला तिथलं 'श्पील देस यारेस' मिळालं, म्हणजे त्या वर्षीचा उत्तम खेळ. पुठ्ठ्याच्या ७२ टाइल. काका त्यांना फरशी म्हणतात, आता आम्हीही. आपल्या पाळीला एक फरशी उचलायची आणि रस्त्याला रस्ता, तटाला तट, रानाला रान जुळवत लावायची. पट आधी नसतोच, खेळता खेळता मुलूख तयार होतो. लावलेल्या फरशीवर वाटलं तर आपला एक लाकडी गडी ठेवायचा. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की उचललेली फरशी सगळ्यांना दाखवायची, कुठं लावावी ते कुणीही सांगावं. इथं कुणी बाद होऊन भिंतीला टेकून बसत नाही. शेवटच्या फरशीपर्यंत चौघंही खेळात.

काका पहिल्यांदा आले तेव्हा मी नियम सांगत होतो. रस्त्यावरचा गडी रस्ता पुरा झाला की परत हातात येतो, तटातला तट पुरा झाला की येतो. पण रानात ठेवला तर तो आडवा ठेवायचा आणि खेळ संपेपर्यंत उचलायचा नाही. शेवटी त्या रानाला लागून जितके तट पुरे झालेले असतील, तितके तीन-तीन गुण. हा नियम मी दहा वेळा वाचला होता, तरी रानात गडी टाकायला माझा हात धजत नसे. काका थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "म्हंजे आडसाली ऊस की रं. जुलै-ऑगस्टला लावायचा, सोळा-अठरा म्हैने पैसा रानात. मधी काढता येत न्हाई."

त्या दिवसापासून नवीन माणसाला मी हा नियम असाच सांगतो. आमच्या भागात दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

२०२१ च्या जुलैत पेटी काकांकडं होती, नातवाला शिकवायला नेलेली. चिखलीत पुराचं पाणी शिरलं. आधी जनावरं बाहेर काढली, मग माणसं, पेटी माळ्यावरच राहिली. पाणी उतरल्यावर मी गेलो, तर घरभर गाळ. फरश्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या, म्हणून निभावल्या. सात-आठांचे कोपरे तेवढे फुगले. गडी मात्र पेटीत सुटेच होते. लाकडाचे असल्यानं तरंगले आणि पाणी ओसरेल तसे जागा मिळेल तिथं बसले. खिडकीच्या चौकटीत, देवळीत, एक तर उखळात. काका, काकू आणि मी गाळ चाळून ३९ गोळा केले. एकूण ४०. एक लाल गेला तो गेलाच.

काकू म्हणाल्या, "तुमचा खेळ मोडला गं बाई आमच्यामुळं." घर चिखलानं भरलेलं, आणि या माउलीला आमच्या खेळाची काळजी.

फौंड्रीतल्या पॅटर्नमेकरला (ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करणारा) मी एक लाल गडी नेऊन दाखवला. त्यानं सागवानाच्या तुकड्यातून तसाच दुसरा काढला, पॉलिश पेपरनं घासला, लाल रंग दिला. मी व्हर्नियर लावला. जुना १६ मिलिमीटर, नवा १६.१६. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, निवताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न साधारण एक टक्का मोठा करतात. त्याची मापपट्टीच तशी वाढीव असते, त्यानं त्याच पट्टीनं माप घेतलेलं. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण काका चिमटीत धरून बरोबर ओळखतात. रानात आडवा टाकायला त्यांना तोच लागतो.

गेल्या सोमवारी तो दुसऱ्याच पाळीला रानात पडला. भाच्यानं आणि मी हौसेनं तट बांधत नेले, पाच पुरे झाले, आणि पाचही काकांच्या रानाला लागून. पंधरा गुण. वहिनी सबंध डाव पुढं होत्या, शेवटी चार गुणांनी मागं राहिल्या. "काका, पुढच्या वेळी तुमच्या रानात माझाबी गडी घालणार बघा," म्हणाल्या. घालता येतो तसा, रानं जोडून घेतली की.

या सोमवारी काका नातवालाही आणणार आहेत, म्हणजे पाचवा रंग काढायला हवा. काळे गडी आम्हाला कधी लागलेच नव्हते. आज पिशवी सोडून बघितली, तर दोघा-तिघांच्या पायांच्या बेचक्यात अजून चिखलीचा गाळ. जुना टूथब्रश घेऊन बसलोय.