हेडफोन चांगले होते, तरी आवाज फाटत होता

हेडफोनवर आवाज फाटत असेल, तर सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी फोनमधला इक्वलायझर (आवाजातले खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) बंद करून तेच गाणं पुन्हा ऐका. एवढं एक वाक्य मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझे सुट्टीचे दिवस रांगेत गेले नसते.

इक्वलायझर मी लावला तो डग्ग्यासाठी. माझ्या हेडफोनवर तबला टणटणीत वाजायचा, पण डग्ग्याला घुमाराच नव्हता. म्हणून इक्वलायझरमधले 100 हर्ट्‌झच्या आसपासचे, म्हणजे खालच्या सुरांचे पट्टे 6 डेसिबलने वर नेले. मैफलींची ध्वनिमुद्रणं एकदम भरदार झाली. नवी सिनेगाणी लावली, की मात्र बेसच्या, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या सुरांच्या, प्रत्येक ठोक्याला खर्रर्र.

हेडफोनवाल्यांनी ते स्वतःच्या फोनला जोडले. आवाज स्वच्छ. म्हणाले, "फोन दाखवून घ्या." फोनवाल्यांनी स्पीकरवर रिंगटोन वाजवली आणि सांगितलं, "फोन ओके आहे, हेडफोनच गेलेत." पुन्हा पहिल्या ठिकाणी टोकन, पुन्हा बिलाची प्रत, पुन्हा सीरियल नंबर लिहून फॉर्म. साहेब जेवायला गेलेत. मग हेडफोन तपासणीसाठी ठेवून घेतले आणि "दोष आढळला नाही" असा शेरा मारून परत दिले. दोन्हीकडे रोज आवाजाच्याच तक्रारी घेणारी माणसं बसलेली, पण "इक्वलायझर चालू आहे का?" हा साधा प्रश्न एकानेही विचारला नाही. मला त्याचा अजून राग येतो.

उलगडा झाला तो मैफल आणि सिनेगाणं यांतल्या फरकावरून. डिजिटल आवाजाला वरची हद्द असते, 0 डेसिबल. त्यापुढे आकडाच नाही. नवी गाणी बहुतेकदा मास्टरिंगमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणावरच्या शेवटच्या संस्कारात, या हद्दीला टेकवलेली असतात. त्यात 6 डेसिबल वाढवायचे म्हणजे ध्वनिलहरीची उंची दुप्पट करायची. मग शेंडे सपाट कापले जातात आणि खरखर ऐकू येते. माझ्याकडच्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत वर भरपूर जागा होती, म्हणून ती सुटली. फोनचा आवाज कमी करूनही फाटणं थांबत नव्हतं, कारण कापाकापी त्याआधीच झालेली असे.

उपाय म्हणजे प्रीअँप, पट्ट्यांच्या आधी सगळाच आवाज एकदम कमी-जास्त करणारी सोय. बेस 6 ने वाढवला, तर प्रीअँप उणे 6. विंडोजवरच्या इक्वलायझर एपीओ या प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. माझ्या फोनच्या इक्वलायझरमध्ये मात्र ती नाही, सूचनाही नाही. पट्टे वर न्यायची मोकळीक द्यायची आणि हा धोका सांगायचा नाही, हे मला पटत नाही. शेवटी मी उलटं केलं: बेस शून्यावर ठेवला, बाकी सगळे पट्टे 6 ने खाली आणले आणि मग आवाज वाढवला. खरखर गेली, डग्गा राहिला. तेव्हा झालेला आनंद त्या शेरा मारलेल्या कागदासकट जपून ठेवला आहे.

गाण्याच्या ॲपमध्येही वेगळा इक्वलायझर असू शकतो. तो आणि फोनचा, दोन्ही एकदम चालू ठेवू नका. एका वाढीवर दुसरी चढते. "स", "श" कानाला टोचत असतील तर 6 ते 8 हजार हर्ट्‌झच्या भागात 2-3 डेसिबल कमी करून बघा. आधी आणि नंतरची तुलना करताना दोन्ही वेळी आवाज सारखाच मोठा ठेवा, कारण मोठा आवाज बहुतेकदा चांगला भासतो.

मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरची गाणी ऐकणार असाल, तर वरचे पट्टे वाढवू नका; तिथे गाणं फारसं नसतंच, नुसती खसखस वाढते. त्यांच्यासाठी मी वेगळं सेटिंग जतन केलंय.

आणि हो, हे सगळं करण्याआधी एक तपासा: चष्म्याच्या काड्यांमुळे हेडफोनची गादी कानाभोवती नीट बसत नसेल, तर बेस तिथूनच गळतो. मग पट्टे कितीही सरकवले तरी डग्गा घुमायचा नाही.