कोरडा सेन्सर, ओला सेन्सर: कोलशेतच्या गॅलरीतून प्रगतीची नोंद

मंडळी, जोडी एकदाची नीट चालायला लागली. माझ्या ठाण्यातल्या गॅलरीत हवेतले बारीक कण मोजणारे दोन पीएमएस५००३ सेन्सर शेजारी शेजारी आहेत. एक बाहेरची हवा आहे तशी घेतो, दुसरा तीच हवा सिलिका जेलमधून कोरडी करून घेतो. दोघांचे आकडे ईएसपी३२ या एकाच छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर जातात. मी हल्ली पीएम २.५ च्या (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या) आकड्यापेक्षा ओला भागिले कोरडा हे गुणोत्तर आधी बघतो, कारण हवेतल्या कणांनी किती पाणी धरलंय ते त्यातूनच कळतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: हा सेन्सर कण तोलत नाही. कणावरून विखुरलेला उजेड मोजून वजनाचा अंदाज बांधतो. पहाटे आर्द्रता नव्वदीला टेकली की तोच कण बाष्प शोषून फुगतो, जास्त उजेड विखुरतो आणि आकडा चढतो. शिवाय ०.३ मायक्रॉनच्या आतले, एरवी न दिसणारे कणही फुगून मोजणीत शिरतात.

कण किती फुगेल ते त्यात काय आहे यावर ठरतं. स्वीडनच्या केलर यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर पेटर्स आणि क्रायडेनवाइस यांनी २००७ मध्ये ‘कप्पा’ (ग्रीक अक्षर; कणाची पाणी धरायची ताकद) हा एकच आकडा बसवला आणि आपल्यासारख्यांचं काम सोपं झालं. मिठाचा कप्पा १ च्या वर, अमोनियम सल्फेटचा ०.६ च्या आसपास, सेंद्रिय कणांचा बहुतेक वेळा ० ते ०.३, ताज्या काजळीचा जवळजवळ शून्य. ९० टक्के आर्द्रतेला कप्पाला ९ ने गुणायचं. कोरड्या आकारमानाच्या तितके पट पाणी कणात असतं. म्हणजे कप्पा ०.१ चा सेंद्रिय कण १.९ पट होतो, तर सल्फेटचा ६.४ पट. व्यासात बघितलं तर १.२४ आणि १.८६ पट. आर्द्रता तीच, पण फरक केवढा!

म्हणूनच नुसती आर्द्रता घालून आकडा ‘दुरुस्त’ करणारी तयार सूत्रं मला पटत नाहीत. ती कणांची घडण कायम एकच धरून चालतात. ठाण्यात ती एका रात्रीतही कायम राहत नाही.

आता ड्रायरबद्दल, म्हणजे दुसऱ्या सेन्सरची हवा कोरडी करणाऱ्या नळीबद्दल. हवा गरम करून कोरडी करणं सोपं आहे, मोठ्या यंत्रांतही तसं करतात. पण सेंद्रिय कणांतले बरेच घटक अर्धवट बाष्पशील असतात, उष्णतेने उडून जातात. अमोनियम नायट्रेटचंही तेच. जे मोजायचं तेच उडवून टाकण्यात काय अर्थ? म्हणून बारीक स्टीलच्या जाळीची नळी वळली, ती पीव्हीसी पाइपात बसवली आणि मधल्या पोकळीत नारंगी सिलिका जेल भरलं. हवा जाळीतून सरळ जाते. बाष्पाचे रेणू चटकन बाजूला पसरून जेलमध्ये शिरतात. कण त्यांच्या मानाने प्रचंड, ते सरळ पुढे निघून जातात. जेल हवेच्या तोंडाशी आधी हिरवं पडतं आणि तो हिरवा पट्टा हळूहळू आत सरकतो. पट्टा अर्ध्यावर आला की मी जेल बदलतो आणि जुनं ओव्हनमध्ये १२० अंशांना सुकवतो. सेन्सरचा पंखा अगदी अशक्त असतो, त्यामुळे नळीत कुठेही अरुंद तोंड ठेवू नका.

ड्रायरमधून बाहेर येणाऱ्या हवेची आर्द्रता ३५ टक्क्यांच्या खाली असायला हवी. अमोनियम सल्फेट ८० टक्क्यांना हवेतलं बाष्प घेऊन विरघळतं, पण एकदा ओलं झालं की साधारण ३५ पर्यंत सगळं पाणी सोडत नाही. साठ टक्क्यांवर थांबलात तर ‘कोरडा’ सेन्सरही ओले कणच मोजत बसेल.

आर्द्रतेचा सेन्सर तपासायला हवाबंद डब्यात मीठ आणि थोडंसंच पाणी, लापशीसारखं, ठेवा. काही तासांत आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मिठाचा कणही हवेत बरोबर तिथेच विरघळतो, समतोल तोच. मला हे दर वेळी विलक्षण वाटतं.

थंडीतल्या नोंदींत दोन प्रकार स्पष्ट वेगळे दिसतात. शेकोट्यांचा आणि कचरा जाळल्याचा वास येतो त्या रात्री आर्द्रता वाढली तरी गुणोत्तर एकच्या जरा वर रेंगाळतं; धूर ताजा, सेंद्रिय आणि काजळीचा. वारा पडून शिळी हवा साचलेली असते तेव्हा आर्द्रता तितकीच असूनही गुणोत्तर झपाट्याने चढतं. खाडी समोर असल्यामुळे मिठाचं नाव घ्यायचा मोह होतो, पण समुद्री मिठाचं बहुतेक वजन जाड कणांत असतं आणि हा सेन्सर ते नीट पकडत नाही. माझा कौल सल्फेट, नायट्रेट आणि मुरलेल्या सेंद्रिय कणांना. सेंद्रिय पदार्थ उन्हात ऑक्सिडीकरण होऊन मुरतो तसतसा त्यातला ऑक्सिजन वाढतो आणि पाण्याशी त्याचं जमायला लागतं, कप्पा वर सरकतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या झाडांतून निघणाऱ्या बाष्पांपासून बनणाऱ्या कणांनाही हाच नियम.

पुढचं काम: दुसरी जोडी येऊरच्या पायथ्याशी एका मित्राच्या गच्चीवर लावायची आहे. त्याआधी चारही सेन्सर एकाच खोक्यात, कोरड्या हवेत एकत्र चालवून त्यांच्यातला मूळ फरक नोंदवून घेतो. ऐरोली किंवा वाशीच्या बाजूला कुणी जोडी चालवणार असेल तर आर्द्रतेची नोंद ड्रायरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे ठेवा. म्हणजे आपल्या नोंदी थेट शेजारी मांडता येतील.