आमची वाटचाल : नदीकाठचं घर आणि होड्यांचं वर्कशॉप

खरं सांगायचं तर धंदा करायचा असं ठरवून आमच्याकडे कोणी होड्या बनवायला घेतल्याच नाहीत, घरात होड्या होत्या, त्यांचं सारखं काही ना काही निघायचं आणि त्यातून हे वर्कशॉप उभं राहिलं. घर बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला, नदी किती लांब? आजी म्हणायची, ह्या लोकांना संसार नको, काठ पाहिजे.

आजोबांची होडी लाकडी फळ्यांची. उन्हात बाहेर राहिली की फळ्या आकसायच्या आणि सांध्यांतून चक्क पलीकडचं दिसायचं, नवीन माणूस घाबरायचा, पण आजोबा निवांत ती उथळ पाण्यात बुडवून ठेवायचे, लाकूड पाणी पिऊन फुगलं की फटी आपोआप बंद. ते बघून ओळखीचे लोक आपापल्या होड्या आणायला लागले आणि बाबांनी नोकरी सांभाळून रविवारी रिपेअरिंग सुरू केलं.

पुढे फायबरच्या होड्या यायला लागल्या. फायबरला मेंटेनन्स नाही म्हणतात ते आम्हाला अजिबात पटत नाही. वर्षानुवर्षं पाण्यात राहिली की पाणी जेलकोटमधून, म्हणजे वरच्या गुळगुळीत थरातून, हळूहळू आत झिरपतं, आतल्या रेझिनमधल्या (काचेचे धागे चिकटवणाऱ्या रसायनातल्या) उरल्यासुरल्या केमिकलमध्ये मिसळतं, दाब वाढतो आणि तळाला फोड येतात. फोड फोडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. लोकांना वाटतं पुटी भरा, रंग मारा, संध्याकाळी न्यायला येतो. आम्ही नाही म्हणतो. फोड खरवडून तळ आठवडे न् आठवडे वाळवायचा, मॉइश्चर मीटर लावून बघायचं, मगच एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं पक्कं रेझिन. ह्यापायी सुरुवातीला बरीच गिऱ्हाईकं गेली, जाऊ देत.

मी आणि बायको पूर्णवेळ ह्यात उतरलो तेव्हा रिपेअरिंगसोबत नवीन होड्याही बनवायच्या ठरवल्या. पद्धत घेतली ती प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेनं शिवायचे आणि आतून सांध्यावर एपॉक्सी आणि काचेच्या कापडाची पट्टी बसवायची. १९६३ च्या मिरर डिंगी ह्या घरी बनवता येणाऱ्या छोट्या शिडाच्या बोटीमुळे ही पद्धत घरोघरी पोचली, ती बोट तर ७० हजारांवर बनली. मोठे साचे लागत नाहीत, छोट्या जागेत होतं. फक्त नदीसाठी तळ सपाट आणि पाण्यात कमी बुडणारा पाहिजे, नदीत खोली कधी किती हा भरवसा नसतो.

काठावर राहिल्यामुळे काही गोष्टी आपोआप कळतात. उदाहरणार्थ होडी आखूड दोरीनं घट्ट बांधायची नाही, रात्रीत पाणी चढलं की दोरी पुढचं टोक खाली ओढून धरते आणि होडी बांधल्या जागीच भरून बुडते. किंवा इंजिन, त्याला थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर (फिरणारं पंख्यासारखं चाक) गाळानं झिजतो, म्हणून चालू केल्याबरोबर मागून पाण्याची धार नीट येते का बघायचं, धार बारीक झाली की इंजिन बंद. होडी देताना हे सगळं आम्ही काठावर उभं राहून दाखवतो, कागद कोणी वाचत नाही.

लाइफ जॅकेटवरून मात्र वाद होतात. जॅकेट किती जोरानं तरंगवतं ते न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, ते तुम्हाला उताणं करत नाही. शुद्ध हरपली तरी तोंड पाण्याबाहेर राहावं असं वाटत असेल तर १५० चं घ्या. पोहता येतं हे कारण प्रवाहात फारसं उपयोगाचं नाही, पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो.

सध्या मुलगी इलेक्ट्रिक मोटरच्या मागे लागलीये आणि काम चांगलं करतेय. आवाज नाही, तेल नाही, पण बॅटरीचा हिशोब नदीत वेगळा लागतो. समजा मोटर ताशी ६ किलोमीटर देते आणि प्रवाह ४ चा आहे, तर वर ३ किलोमीटर जायला दीड तास आणि तेच परत यायला जेमतेम १८ मिनिटं. म्हणून ऑर्डर घेताना ती आधी विचारते, तुमचा धक्का वरच्या अंगाला की खालच्या? उतारानं फिरायला जाऊन चढावर घरी यायचं असेल तर बॅटरी मोठीच घ्यावी लागते, ह्यात घासाघीस चालत नाही.