फिटच्या गोळ्या देताना

फिटची गोळी एखाद दिवस चुकली तर त्याच दिवशी फिट येईलच असं नाही. म्हणूनच ती चुकत राहते. डॉक्टरांची भेट काही महिन्यांनी. मधल्या काळात पेशंट नियमित दिसतो तो फार्मासिस्टलाच. तेव्हा बिल करण्याआधी साधा हिशेब करावा. रोज 2 प्रमाणे 60 गोळ्या नेलेला माणूस चाळिसाव्या दिवशी आला, तर मधल्या दहा दिवसांचं काय? "गोळ्या वेळेवर घेता ना?" याला उत्तर "हो"च येतं. "घरी किती उरल्यात?" असं विचारा, खरं बाहेर येतं.

फिटच्या औषधांत सगळ्यांत खोडसाळ फेनिटॉइन. यकृत ते एका मर्यादेपर्यंतच निकामी करू शकतं. ती गाठली की डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी भलतीच चढते. 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिली ही नेहमीची हद्द. त्यावर गेलं की बुबुळं थरथरतात, चालताना झोक जातो, जीभ जड होते. पातळ औषधात तर आणखी गंमत: बाटली न हलवता ओतली की औषध तळाशी बसतं. वरचे डोस फिके, म्हणून फिट येते. तळाचे दाट, म्हणून झोक जातो. दोन्ही तक्रारी एकाच बाटलीतल्या! शिवाय कुठल्या बाटलीत 5 मिलीला 30 मिलिग्रॅम असतं, कुठल्या बाटलीत 125. त्यामुळे "एक चमचा" हे मापच नव्हे. तोंडाने द्यायची सिरिंज द्यावी आणि किती मिली भरायचं तिथे पेनाने खूण करावी.

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल या फिटच्या औषधांची कंपनी डॉक्टरांना न विचारता बदलू नये. लेव्हेटिरासिटामचं तेवढं अडत नाही, पण गोळीचा रंग बदललाय हे सांगावंच. नाहीतर जुनी आणि नवी, दोन्ही पोटात जातात.

दुसऱ्या आजाराची चिठ्ठी आली की जास्त सावध राहावं. कार्बामाझेपिनवर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं की काही दिवसांतच चक्कर येते, एकाचे दोन दिसतात. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाने फिटचा धोका वाढतो. कार्बामाझेपिन गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं. उलट इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाची पातळी घसरते. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध घेणाऱ्या स्त्रीला गर्भावरचा धोका स्पष्ट सांगावा आणि त्याच दमात हेही, की गोळी परस्पर बंद करायची नाही. अचानक बंद केल्यास एकामागून एक फिट येऊ शकतात.

चालू फिट थांबवणारं मिडाझोलाम देताना नाकात मारायचा स्प्रे की गालाच्या आत सोडायचं औषध, हे घरच्यांना हातात धरून दाखवावं. फिट 5 मिनिटांवर गेली की द्यायचं, म्हणून फिट सुरू होताच घड्याळ बघायचं. एक्सपायरीची तारीख डब्यावर ठळक लिहून द्यावी. हे औषध महिनोन्‌महिने नुसतं पडून असतं.