तुम्ही विचारलंत म्हणून: खिंड ओलांडायला रात्री दोनला का निघायचं?

हिमालयातल्या ट्रेकचा कार्यक्रम हातात पडला की बहुतेकांचं बोट एकाच ओळीवर थांबतं. खिंडीच्या दिवशी रात्री दोनला निघणे. "अहो, एवढ्या थंडीत, अंधारात कशाला? उजाडल्यावर निघालो तर काय बिघडेल?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर लिहिते.

मे-जूनमध्ये हिमाचलमधल्या सार पास किंवा रूपिन पास या खिंडींवरचा बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. पहाटे तो इतका टणक असतो की बुटाची टाच जोरात हाणली तरी जेमतेम खूण उमटते. बुटांवर मायक्रोस्पाइक्स (घसरू नये म्हणून लावायचे साखळीतले छोटे खिळे) चढवले की अशा बर्फावर एका लयीत चालता येतं. ऊन वर आलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो. पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जातो. तो उपसून काढायचा, पुढे टाकायचा, की पुन्हा रुतला! 4,200 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्केच असतो. तिथे अशी थोडी पावलं टाकली तरी माणूस मटकन खाली बसतो. शिवाय तापलेल्या उतारावरून दगड सुटतात, हिमस्खलनाची भीती वाढते. ओढ्यावरचा बर्फाचा जो थर पहाटे सगळ्यांचं वजन पेलतो, त्याचा दुपारी भरवसा धरता येत नाही.

आदल्या रात्री जाणता गाइड टेंटबाहेर येऊन आधी आभाळ बघतो, तेही याचसाठी. आभाळ मोकळं असेल तर बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि तो कडक होतो. ढग असतील तर ती अडते, बर्फ नीट गोठत नाही आणि लवकर निघण्याचा फायदाच उरत नाही. अशा वेळी गाइड "आज थांबू" म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता ग्रुपचं. कडक बर्फात पुढचा माणूस बुटाने पुन्हा पुन्हा ठोकर मारून पायरी करतो, मागचे तीच वापरतात, आणि शेवटच्याला जवळजवळ जिनाच मिळतो. मऊ बर्फात नेमकं उलटं होतं. प्रत्येक पावलागणिक पायरी ढासळते आणि शेवटच्याच्या वाट्याला नुसते खड्डे येतात. शेवटी असतो तो बहुतेकदा सगळ्यात दमलेला. म्हणजे उशिरा निघण्याची किंमत जो आधीच मागे पडतोय त्याला मोजावी लागते. म्हणून आमच्याकडे सावकाश चालणाऱ्याला गाइडच्या लगेच मागे ठेवतात, बॅकलीड, म्हणजे मागचं सांभाळणारा गाइड, सर्वांत शेवटी राहतो आणि निघायची वेळ त्या सावकाश माणसाच्या चालीवरून ठरते. दणकट पोरांना हे आधी जाचतं. त्यांनी जाचू द्यावं.

परत फिरायची वेळही संध्याकाळी, सगळे खाऊन-पिऊन शुद्धीत असतानाच ठरवावी. वर खिंड समोर दिसत असताना, डोकं ठणकत असताना कोणाचाच निर्णय धड होत नाही.

हवामान फिरलं तर मात्र लवकर निघूनही उपयोग नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष नेपाळपर्यंत पोचले. 5,416 मीटरवरच्या थोरोंग ला या तिथल्या खिंडीत आणि आसपासच्या भागात हिमवादळ, हिमस्खलनं झाली आणि 40 हून जास्त माणसं गेली. समुद्रावरचं वादळ इतक्या आत, इतक्या उंचीवर माणसं मारू शकतं, हे तेव्हापासून मी प्रत्येक ग्रुपला सांगते. निघण्याआधी दोन-तीन दिवसांचा अंदाज बघायचाच.

तर झोपतानाच तयारी करून ठेवा. हेडटॉर्चची बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीने ती लवकर उतरते. पाण्याची बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरेल आणि तोंड मोकळं राहील. काळा चष्मा मात्र सॅकच्या तळाशी नको, जॅकेटच्या खिशात हवा. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि डोळ्यांची आग काही तासांनी, खाली उतरल्यावर सुरू होते. उजाडलं की ऊन अंगावर यायची वाट न बघता चष्मा लावा.